लस, अवधाण आणि लिम्फोमा

प्रश्न असा आहे: ‘लिम्फोमा’ला, म्हणजे पांढऱ्या रक्तपेशींच्या एका कॅन्सरला, ‘लसीकार्बुद’ (लसीका अधिक अर्बुद, म्हणजे गाठ) म्हणावं का, आणि त्यातल्या लसीकेचा टोचायच्या लशीशी काही संबंध आहे का?

लसीकार्बुद नको. रिपोर्टवर लिम्फोमा लिहितात, तोच शब्द ठेवा. ‘रक्ताची गाठ’ तर मुळीच म्हणू नका, ती गोठलेल्या रक्ताची असते. आणि लायपोमा म्हणजे चरबीची निरुपद्रवी गाठ, म्हणून लिम्फोमाही तसलाच, हा समज घातक आहे. लिम्फोमा हा कॅन्सरच.

आता लस. जखमेतून पाझरणारं पातळ पाणी ही मराठीतली जुनी लस. चरकसंहितेच्या शारीरस्थानातही त्वचेखालचं उदक व्रणात आलं की त्याला लसीका म्हणतात. डॅनिश शरीरशास्त्रज्ञ बार्थोलिननं १६५३ साली शरीरातलं असं पातळ पाणी वाहून नेणाऱ्या वाहिन्यांना ‘लिम्फ’वरून नाव दिलं, तो लॅटिन शब्दही स्वच्छ पाण्याचाच. पुढे देवी येऊ नये म्हणून गोस्तनदेवीच्या (गाईच्या सडांवर येणाऱ्या देवीच्या) फोडातलं पाणी टोचू लागले. मुंबईत १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला ते टोचलं. इंग्रज त्या पाण्यालाही लिम्फच म्हणत. त्यांच्या ‘व्हॅक्सिन’मध्ये गाय (लॅटिन ‘व्हॅका’) उरली, आपल्या ‘लस’मध्ये फोडातलं पाणी उरलं. माझ्या मते आपला शब्द वस्तूला जास्त धरून आहे. मात्र ‘लसीकेचा कॅन्सर’ म्हणजे लस टोचल्यामुळे झालेला कॅन्सर, असा अर्थ लावतात तो साफ चूक.

मान, काख, जांघ इथल्या ‘लिम्फ नोड’ला लसीका‘ग्रंथी’ म्हणणं चुकीचं, कारण त्यातून स्राव होत नाही, असं सांगणारे परिभाषाकार ‘लसीकापर्व’ सुचवतात. ग्रंथी म्हणजे मुळात गाठच, लॅटिन ‘नोडस’ही गाठच. पर्व उसाला आणि बोटाला शोभतं.

ती सुजली की त्याला तर त्याहून अस्सल शब्द आपल्याकडे आहे: अवधाण. पायाला जखम झाली की जांघेत, हाताला झाली की काखेत येतं ते. अवधाण दुखतं आणि जखमेबरोबर ओसरतं. लिम्फोमाची गाठ बहुधा दुखत नाही, रबरासारखी लागते, वाढत जाते. तेव्हा दोन-तीन आठवडे न हटणाऱ्या गाठीला अवधाण म्हणत बसू नका. सोबत ३८ अंश सेल्सिअसच्या वरचा ताप, कपडे बदलावे लागतील असा रात्रीचा घाम, किंवा सहा महिन्यांत दहा टक्क्यांहून जास्त वजन कमी होणं (६० किलोच्या माणसाचं ६ किलो) असेल तर लगेच दाखवा.

मानेतली गाठ म्हणजे गंडमाळ (तिथल्या ग्रंथींचा क्षय), असं ठरवून तपासणीआधीच क्षयाच्या गोळ्या सुरू झाल्या की महिने वाया जातात. स्टेरॉइड आधी दिलं तर गाठ आक्रसते आणि निदान चकवा देतं. बारीक सुईनं फक्त सुट्या पेशी मिळतात, गाठीची वीण कळत नाही, म्हणून शक्यतो अख्खी गाठ काढून बायॉप्सी करतात. लिम्फोमाच्या दोन मुख्य गटांपैकी हॉजकिन की नॉन-हॉजकिन, त्यातला कोणता प्रकार, हे त्यावर ठरतं आणि औषधही त्यावरच. मोठ्या बी-पेशींच्या (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) नेहमीच्या नॉन-हॉजकिन लिम्फोमाला ‘आर-चॉप’ हे औषधांचं मिश्रण दर २१ दिवसांनी, बहुधा सहा वेळा देतात. हॉजकिनला औषधं वेगळी, आणि तो बऱ्याचदा पूर्ण बरा होतो.