वाचकांचे प्रश्न: शब्बाथला काय चालतं, काय नाही

प्रश्न: शब्बाथला ज्यू माणूस दिव्याचं बटण दाबत नाही, पण घरातलं जड टेबल सरकवलं तर चालतं, असं वाचलं. बटण दाबायला कसले आलेत कष्ट? (पुणे)

शब्बाथ म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्रीपर्यंतचा ज्यूंचा विश्रांतीचा दिवस. त्यात कष्ट मोजायचेच नाहीत. तोरा या ज्यूंच्या मूळ धर्मग्रंथात रानातल्या उपासनामंडपाचं बांधकाम सांगताना मध्येच शब्बाथची आज्ञा येते. त्यावरून धर्मपंडितांनी ठरवलं की तो मंडप उभारायला जी कामं लागली, तीच शब्बाथला वर्ज्य. मिश्ना या ग्रंथात ती ‘एक कमी चाळीस’, म्हणजे ३९ मोजली आहेत. पहिली ११ भाकरीची, पेरणी-नांगरणीपासून भाजण्यापर्यंत. पुढची १३ लोकर कातरण्यापासून कापड शिवून होईपर्यंतची. ९ कातड्याची, लिहिणं आणि खोडणं त्यातच येतं. मग बांधणं, पाडणं, विस्तव विझवणं, पेटवणं, वस्तू पुरी करणारा हातोड्याचा शेवटचा घाव आणि घरातून रस्त्यावर वस्तू नेणं. म्हणून टेबल घरातल्या घरात हलवता येतं, पण खिशात रुमाल घेऊन रस्त्यावर जाता येत नाही. अपवाद एरुवचा: गावाभोवती खांब आणि तारा लावून आखलेली हद्द. ती शब्बाथपूर्वी तपासतात. तार तुटलेली असली तर त्या आठवड्यात ओझं नेणं बंद.

विजेचं बटण नेमकं कोणत्या कामात मोडतं यावर मतभेद आहेत. तापून लाल होणारी तार म्हणजे विस्तवच, असं काहींचं म्हणणं. विद्युतमंडल जोडणं हे ‘बांधणं’, असं इतरांचं. दाबू नये यावर मात्र ऑर्थोडॉक्स पंडित ठाम आहेत. शुक्रवारी टायमर लावून ठेवला तर चालतो.

प्रश्न: कोकणातल्या बेने इस्रायलांना ‘शनवार तेली’ का म्हणत? (अलिबाग)

बेने इस्रायल म्हणजे कोकणात वसलेले ज्यू. तेल गाळणं हा त्यांचा धंदा, आणि शनिवारी त्यांचा घाणा बंद असे. सोमवारी घाणा बंद ठेवणारे ते सोमवार तेली. ३९ कामांच्या हिशेबात पिळून रस किंवा तेल काढणं मळणीखाली येतं. दाणा कणसातून सुटतो तसं तेल बीतून.

प्रश्न: शुक्रवारी संध्याकाळनंतर स्वयंपाक नाही, तरी शनिवारी गरम जेवण आणि चहा कसा मिळतो? (नाशिक)

सगळं शुक्रवारी सूर्यास्ताच्या आत. मेणबत्त्या सहसा सूर्यास्ताच्या १८ मिनिटं आधी लावतात, जेरुसलेममध्ये ४० मिनिटं आधी. त्यापूर्वी शेगडीवर धातूचा पत्रा ठेवतात, बटणंही झाकली जातील असा. आच मंद करून पातेली त्यावर. पत्र्यामुळे विस्तव झाकला जातो, आणि आच वाढवायला चुकून हात जात नाही. हल्ली बऱ्याच घरांत त्याजागी ठराविक तापमानाची विजेची प्लेट असते.

शनिवारच्या जेवणाचा चोलंट म्हणजे घेवड्याचे दाणे, जव, बटाटे आणि मांस रात्रभर शिजवून केलेलं कालवण. सूर्यास्तापर्यंत तो निदान अर्धा तरी शिजलेला हवा. पाणी नेहमीपेक्षा सढळ घाला, कारण रात्री आटलं तर गार पाणी ओतता येत नाही. आचेवरचं पातेलं ढवळायचंही नाही. अन्न पुरतं शिजलेलं नसताना झाकण उघडलं तर परत ठेवता येत नाही, कारण झाकणाने शिजणं वेगाने होतं.

चहाचा क्रम असा. शुक्रवारी चहाचा दाट अर्क करून ठेवायचा. उकळलेलं पाणी विजेच्या भांड्यात गरम राहतंच. त्यातून आधी पूर्ण कोरड्या कपात पाणी घ्यायचं. कपात गार पाण्याचे थेंब असतील तर तेच शिजतील. तिथून दुसऱ्या कपात ओतायचं, आणि मग अर्क, साखर, दूध. प्रत्येक ओतण्यात पाण्याची शिजवण्याची ताकद कमी होते, असा हिशेब. काटेकोर मतानुसार ४५ अंश सेल्सिअसपासून पुढे पाणी ‘शिजवणारं’ धरतात. चहाची पुडी कपात बुडवू नका. पानं चटकन शिजतात.

सर्वांत जास्त चुका निवडण्यात होतात. वाटीतले कुजके शेंगदाणे वेचून टाकता येत नाहीत. चांगले दाणे हाताने वेचून लगेच खाता येतात. नियम तिहेरी आहे: हवं ते नको त्यातून काढायचं, हातानेच, आणि तेव्हाच्या खाण्यापुरतं. तांदूळ निवडून डबा भरून ठेवणं म्हणजे सरळ उल्लंघन. कोशिंबीरही जेवायच्या आधी आणि जाडसर चिरायची; बारीक चिरलं की ते दळण्यात जातं.

प्रश्न: आजारी माणसाचं काय? (मुंबई)

जिवाला धोका असेल, नुसती शंका असली तरी, शब्बाथ मोडायचाच. एक शब्बाथ मोडा, म्हणजे तो पुढचे अनेक पाळेल, असं तालमूद हा ज्यू धर्मचर्चेचा ग्रंथ सांगतो. गाडी चालवा, फोन करा, इन्सुलिन द्या. हे दुसऱ्या धर्माच्या माणसाकडून करून घेण्यासाठी थांबू नये. अशा वेळी आधी परवानगी विचारत बसणाऱ्याला शुलखान आरुख हा धर्मनियमांचा ग्रंथ रक्त सांडणारा म्हणतो, इतके स्पष्ट शब्द.

किरकोळ दुखण्यावर मात्र गोळी घेत नाहीत, कारण पूर्वी औषध खलावं लागे आणि खलणं म्हणजे दळणं. दुखण्याने अंथरूण धरलं असेल तर गोळी चालते.

प्रश्न: मुलगा इस्रायलमध्ये नोकरीला आहे. शेजाऱ्यांनी त्याला शुक्रवारच्या जेवणाला बोलावलंय. काय सांभाळावं? (ठाणे)

भेट न्यायची तर सूर्यास्ताआधीच पोचवावी. घरी शिजवलेलं काही नको. कोशर, म्हणजे ज्यू आहारनियमांत बसणारं, अशा शिक्क्याचं बंद पाकीट बरं. दारावर बेल न वाजवता टकटक करावी. फोन बंद करून खिशात, टेबलावर नको.

किद्दूश म्हणजे द्राक्षारसावरची प्रार्थना. ती चालू असताना इतरांबरोबर उभं राहावं किंवा बसावं. त्यानंतर हात धुऊन आल्यावर भाकरीवरचा आशीर्वाद होईपर्यंत कोणी बोलत नाही. ती शांतता आपणही पाळावी. न्हाणीघराचा दिवा चालू दिसला तर बाहेर पडताना सवयीने बंद करू नये. तो मुद्दाम ठेवलेला असतो, आणि बंद केला की घरच्यांना पुढचा सगळा दिवस अंधार. यजमान ‘दिवा लाव’ असं सहसा सांगणार नाहीत, कारण आपल्यासाठी दुसऱ्याकडून वर्ज्य काम करून घेणंही त्यांना मना आहे.

परतीची सोय आधीच बघावी. शुक्रवारी दुपारपासून बहुतेक बस आणि रेल्वे बंद होतात, त्या शनिवारी रात्रीच सुरू होतात. पायी येता येईल एवढ्या अंतरावर घर नसेल तर मुक्कामाचं शुक्रवारी सकाळीच विचारून घ्यावं.