जॉब कार्डवर तुमचेच शब्द हवेत

प्रश्न : ताई, मी संगमनेरला माध्यमिक शाळेत शिकवते. गेल्या दसऱ्याला आम्ही ११ लाख ४० हजारांची नवी पेट्रोल गाडी घेतली. चौथ्या महिन्यात कसारा घाट उतरताना इंजिन एकदम बंद पडलं. स्टिअरिंग जड झालं, ब्रेक दगडासारखा लागला, मागे कंटेनर होता. मिस्टरांनी कशीबशी कडेला घेतली. अर्ध्या तासाने गाडी आपोआप सुरू झाली. त्यानंतर असं आणखी चार वेळा झालं आणि पाचही वेळा आम्ही गाडी सर्व्हिस सेंटरला दिली. कधी ‘सॉफ्टवेअर अपडेट केलं’, कधी ‘पेट्रोल खराब असेल’, शेवटी ‘आमच्याकडे तर बंद पडत नाही’. आता मुलांना घेऊन बसायची भीती वाटते. गाडी बदलून मिळेल का? तोपर्यंत बँकेचे हप्ते थांबवावेत का?
– एक शिक्षिका, संगमनेर

उत्तर : तुमचं पत्र आल्यावर मी पाचही जॉब कार्डांचे, म्हणजे गाडी सर्व्हिसला देताना तक्रार लिहून सही घेतात त्या कागदांचे, फोटो मागवून घेतले. पाचपैकी एकाही कार्डवर ‘चालत्या गाडीत इंजिन बंद पडतं’ हे वाक्य नाही. पहिल्यावर ‘जनरल चेकअप’, दुसऱ्यावर ‘पिकअप कमी’, तिसऱ्या आणि चौथ्यावर ‘स्टार्टिंग प्रॉब्लेम’, पाचव्यावर ‘सॉफ्टवेअर अपडेट’. प्रत्येकाखाली तुमच्या मिस्टरांची सही आहे. उद्या ग्राहक आयोगापुढे कंपनीचा वकील हीच कार्डं ठेवील आणि म्हणेल, गाडी बंद पडते अशी तक्रार आमच्याकडे कधी आलीच नाही.

हे मी छातीठोकपणे सांगते, कारण मी स्वतः अकरा वर्षं पुण्याजवळच्या एका सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर बसले आहे. सकाळी साडेआठ ते दहा या वेळात तीस-पस्तीस गाड्या आत घ्यायच्या असतात. समोरचा माणूस पाच मिनिटं पोटतिडकीने सांगतो आणि आपण दोन शब्द टाइप करतो. चाकणहून येणारे एक गृहस्थ होते. नवी गाडी, पहिल्याच महिन्यात म्हणाले, ‘मॅडम, ब्रेक दाबला की गाडी डावीकडे ओढते.’ मी लिहिलं, ‘ब्रेक चेक’. मेकॅनिकने पॅड घासून-पुसून बसवले, ट्रायल घेतली, ओके. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा आले तेव्हा कॅलिपरचा, म्हणजे ब्रेकचे पॅड दाबणाऱ्या भागाचा, पिस्टन जाम झालेला सापडला, पण तोवर वॉरंटी संपून नऊ दिवस झाले होते. दोष पहिल्या महिन्यापासूनचा होता, हे दाखवणारी ओळ कागदावर कुठेच नव्हती. ती मी लिहायला हवी होती. त्यांनी पैसे स्वतःच्या खिशातून भरले. तो कागद हातात घेऊन उभे असलेले ते गृहस्थ मला अजून डोळ्यांसमोर दिसतात. हे सदर लिहायला घेतलं त्याचं मोठं कारण तेच आहे.

आता तुमच्या गाडीकडे येते. ‘आमच्याकडे बंद पडत नाही’ हे ते खोटंच सांगतात असं नाही. अर्ध्या तासाने आपोआप सुरू होणारी गाडी बहुतेकदा उष्णतेशी निगडित दोष दाखवत असते. क्रँक सेन्सर नावाचा एक छोटा भाग इंजिन किती फिरतंय ते कॉम्प्युटरला सांगतो. तो तापल्यावर दगा देऊ लागला की कॉम्प्युटरला वाटतं, इंजिन फिरतच नाही, आणि इंधन तोडलं जातं. थंड झाला की पुन्हा सगळं सुरळीत. पेट्रोलचा पंप किंवा वायरिंगचा सैल जोडही असाच वागू शकतो. तुम्ही गाडी सकाळी थंड इंजिनाची देता, ते आवारात दोन चकरा मारतात, दोष कसा दिसणार? नेमकं कारण त्यांनीच शोधायचं आहे. पण पुढच्या वेळी तासभर चालवून, इंजिन तापलेलं असताना गाडी न्या आणि सर्व्हिस सेंटरच्या सल्लागाराला शेजारी बसवून लांब ट्रायल घ्यायला लावा. शक्य असेल तर चढावर.

कार्डवर स्वतः सांगून लिहून घ्या : ‘चालत्या गाडीत इंजिन बंद पडते. अमुक तारखा, अमुक ठिकाणं, अंदाजे वेग, इतक्या वेळाने पुन्हा सुरू होते. यापूर्वी याच तक्रारीसाठी पाच वेळा गाडी दिली आहे.’ त्याने लिहिलं नाही तर सही करण्याआधी पेनाने तुम्ही लिहा, प्रत घ्या, फोटो काढा. त्याच संध्याकाळी तोच मजकूर डीलरला आणि कंपनीच्या ग्राहक विभागाला ई-मेलने पाठवा. आणखी एक गोष्ट विसरू नका. गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये दोषांचे कोड साठतात. कोड पुसण्याआधी स्कॅनचा अहवाल छापून मागा. एकदा कोड पुसले की तो पुरावा गेला. आणि वैतागून गावातल्या ओळखीच्या मेकॅनिककडे वायरिंग उघडू नका, नंतर सगळं खापर त्याच्यावर फुटेल.

तोवर जिवाची काळजी. मुलांना घेऊन घाटात ही गाडी नेऊ नका. दुरुस्तीच्या काळात पर्यायी गाडी लेखी मागा. चालत्या गाडीत इंजिन बंद पडलंच, तर ब्रेक निकामी झालेला नसतो. ब्रेकला जोर देणाऱ्या बूस्टरमध्ये एक-दोन वेळा दाबण्यापुरता व्हॅक्यूम शिल्लक असतो. म्हणून पुन्हा पुन्हा पंप करायचा नाही, एकदाच दाबून धरायचा, नंतर तो कडक लागला तरी पूर्ण जोर देऊन दाबायचा. स्टिअरिंग जड होतं पण वळतं. गाडी पूर्ण थांबेपर्यंत किल्ली बाहेर काढायची नाही, नाही तर स्टिअरिंग लॉक होईल. हे मिस्टरांना आजच वाचून दाखवा.

कायद्याचं सांगते. इतक्या वेळा दुरुस्ती झाली की गाडी परत, असा मोजून ठेवलेला नियम आपल्याकडे नाही. आपल्याकडे ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आहे, तो २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्यानुसार आयोग दोष काढून द्यायला, वस्तू बदलून द्यायला किंवा पैसे परत करायला सांगू शकतो, भरपाईही देऊ शकतो. पण गाडी बदलून मिळणं सोपं नाही, ही आशा मी उगाच दाखवणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००६ च्या एका निकालात म्हटलं आहे की वॉरंटीत भाग दुरुस्त करण्याचं किंवा बदलण्याचं वचन असेल, तर तेवढ्यावरून अख्खी गाडी बदलून मागता येत नाही. नंतरच्या एका प्रकरणात मात्र त्याच न्यायालयाने, स्वतंत्र तज्ज्ञाला मुळात उत्पादनातलाच दोष आढळला तर किंमत व्याजासह परत करण्याचा मार्ग खुला ठेवला. म्हणजे सगळं तज्ज्ञाच्या अहवालावर येऊन ठेपतं. तक्रारीतच अर्ज करा की गाडी तपासणीसाठी पाठवावी. कलम ३८ मध्ये तशी तरतूद आहे, तपासणीची फी आधी तुम्हाला भरावी लागू शकते. नुसती कैफियत लिहून तज्ज्ञाचं मत न जोडल्याने फेटाळलेल्या तक्रारी मी बऱ्याच पाहिल्या आहेत.

सुरुवात १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनपासून करा, कधी कधी तेवढ्यानेही कंपनी हलते. मग डीलर आणि कंपनी दोघांना स्पीड पोस्टने नोटीस, पोचपावती जपून. गाडीची किंमत ५० लाखांच्या आत असल्याने तक्रार जिल्हा आयोगाकडे जाईल, आणि तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे अहिल्यानगरला, करता येईल. शोरूम नाशिकला असलं तरी. १० ते २० लाखांच्या वस्तूसाठी शुल्क ४०० रुपये आहे. वकील लावलाच पाहिजे असं नाही. तक्रारीत डीलर आणि उत्पादक दोघांना सामनेवाले करा, नाही तर हा त्याच्याकडे बोट दाखवतो आणि तो याच्याकडे. मुदत दोन वर्षांची आहे, ‘पुढच्या वेळी नक्की होईल’ या आश्वासनांवर ती घालवू नका.

याखेरीज सरकारच्या ‘वाहन’ पोर्टलवर दोषाची तक्रार नोंदवाच. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम ११०-अ आलं आणि १ एप्रिल २०२१ पासून त्याचे नियम लागू झाले. सात वर्षांच्या आतल्या एखाद्या मॉडेलच्या ठराविक प्रमाणात मालकांनी सुरक्षेचा तोच दोष कळवला, तर सरकार कंपनीला सगळ्या गाड्या परत बोलवायला लावू शकतं. याने तुमची गाडी लगेच बदलून मिळणार नाही. पण तुमच्यासारखीच गाडी घेऊन कसारा किंवा आंबेनळी घाट उतरणारी दुसरी कुटुंबंही आहेत, त्यांच्यासाठी ती नोंद हवी.

हप्ते मात्र थांबवू नका. कर्जाचा करार बँकेशी आहे, गाडीच्या दोषाशी त्याचा संबंध नाही. हप्ते थकले तर नाव तुमचं खराब होईल. भरलेलं व्याज भरपाईच्या मागणीत धरा.

प्रश्न : मी रत्नागिरीचा. तीन वर्षांपूर्वी २०११ ची सेडान सेकंडहँड घेतली. याच मॉडेलच्या एअरबॅगचा रिकॉल, म्हणजे सदोष गाड्या परत बोलावण्याची सूचना, निघाला होता असं मित्राकडून कळलं. सेंटरवाले म्हणतात, तुम्ही पहिले मालक नाही, शिवाय गाडी जुनी झाली. मीही विचार करतो, इतकी वर्षं काही झालं नाही, तर कशाला?
– एक आंबा बागायतदार

उत्तर : दादा, हे काम या आठवड्यात करा. तुमच्या पत्रातलं ‘इतकी वर्षं काही झालं नाही’ हे वाक्यच मला सर्वांत घाबरवणारं वाटलं, कारण हा दोष वर्षांबरोबर वाढत जातो.

त्या काळातल्या कितीतरी कंपन्यांच्या गाड्यांत जपानच्या ताकाता कंपनीचे इन्फ्लेटर, म्हणजे एअरबॅग फुगवणारे भाग, होते. एअरबॅग क्षणात फुगावी म्हणून आत अमोनियम नायट्रेट भरलेलं असे. वर्षानुवर्षं उष्णता आणि दमट हवा लागली की ते बिघडतं आणि पेट घेताना प्रमाणाबाहेर जोराने जळतं. मग धातूचं कवच फुटतं आणि जीव वाचवणाऱ्या पिशवीतूनच त्याचे तुकडे चेहऱ्यावर आणि गळ्यावर येतात. किरकोळ धडकेत माणसं अशी दगावली आहेत. जगभरात सुमारे दहा कोटी इन्फ्लेटर परत बोलवावे लागले आणि २०१७ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. अमेरिकेत रिकॉलचा क्रम लावताना फ्लोरिडासारखे उष्ण आणि दमट प्रदेश आधी घेतले गेले. आता रत्नागिरीची मे महिन्यातली हवा आठवा. बागेच्या कडेला दिवसभर उन्हात उभी असलेली गाडी आठवा.

रिकॉल मालकाच्या नावावर नसतो, चॅसिस नंबरवर असतो. आरसी बुकावरचा १७ आकडी-अक्षरी नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाका. गाडी यादीत असेल तर इन्फ्लेटर फुकट बदलून मिळतो, कितव्याही मालकाला. वरच्या उत्तरातली सात वर्षांची अट सरकारी सक्तीच्या रिकॉलला आहे, कंपनीने स्वतः जाहीर केलेल्या रिकॉलला ती लागत नाही. सेंटर ऐकत नसेल तर ‘काम नाकारलं’ एवढंच त्यांच्याकडून लेखी मागा, बहुतेक वेळा तेवढ्यावर काम होतं. बदलेपर्यंत ती गाडी घरीच ठेवता आली तर ठेवा.

उलटी तक्रार असणाऱ्यांसाठीही एक सांगते, कारण गेल्या महिन्यात कोल्हापूरहून तसं पत्र आलं होतं : धडक झाली पण एअरबॅग उघडलीच नाही. २०१७ मध्ये दिल्ली-पानिपत महामार्गावर एका ह्युंदाई क्रेटाचं असंच झालं. ग्राहक आयोगाने भरपाई आणि गाडी बदलून देण्याचा आदेश दिला आणि एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. धडकेचा वेग आणि बल यांचं गणित मांडायला ग्राहक काही भौतिकशास्त्राचा तज्ज्ञ नसतो, असं न्यायालयाने म्हटलं. अपघातानंतर गाडी दुरुस्त करण्याआधी पुढच्या भागाचे सगळ्या बाजूंनी फोटो घ्या, विमा कंपनीच्या सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत घ्या.

प्रश्न : माझी मुलगी सॅन होजेला असते. तिच्या नव्या गाडीचे ब्रेक दोनदा दुरुस्त झाले, तरी तोच त्रास आहे. तिथे ‘लेमन लॉ’ आहे म्हणतात. ते काय असतं?
– एक आई, ठाणे

उत्तर : सतत बिघडणाऱ्या गाडीला तिकडे ‘लेमन’ म्हणतात. अशा गाडीची किंमत परत किंवा दुसरी गाडी देण्याची जबाबदारी तिथे थेट उत्पादकावर आहे. सॅन होजे कॅलिफोर्नियात येतं, तिथला मूळ कायदा १९७० चा. पहिल्या १८ महिन्यांत किंवा १८,००० मैलांत, जे आधी होईल त्यात, जिवावर बेतणारा दोष दोनदा दुरुस्तीला देऊनही गेला नाही, इतर दोष चारदा देऊनही गेला नाही, किंवा गाडी एकूण ३० दिवसांहून जास्त वर्कशॉपमध्ये राहिली, तर गाडी लेमन आहे असं गृहीत धरलं जातं. ब्रेक पहिल्या प्रकारात येतात. मुलीने उत्पादकाला थेट लेखी कळवावं आणि तिथल्या वकिलाला भेटावं. खटला जिंकल्यास वकिलाची वाजवी फी उत्पादकालाच द्यावी लागते.

आपल्या जॉब कार्डला तिकडे रिपेअर ऑर्डर म्हणतात. किंमत परत देताना वापराबद्दल वजावट होते, आणि ती गाडी पहिल्यांदा या दोषासाठी दिली तेव्हा किती मैल झाले होते त्यावरून काढतात : ते मैल भागिले १,२०,०००, गुणिले किंमत. तेव्हा पहिल्या रिपेअर ऑर्डरवर ब्रेकची तक्रार तिच्या शब्दांत आहे का आणि मैलांचा आकडा बरोबर आहे का, एवढं तिला आज रात्रीच्या फोनवर विचारा.