12 टक्के जास्त घालावेत का, आणि घातले तर कशावर?

नमस्कार ताई,

तुमचं पत्र आणि आर्किटेक्टने दिलेला खर्चाचा तक्ता, दोन्ही वाचलं. तुम्ही सगळे आकडे प्रमाणात लिहिलेत ते बरं झालं, मीही तसेच वापरतो. साधं घर बांधायला 100 लागणार असतील, तर अत्यंत कमी ऊर्जेवर चालणारं घर 112 मध्ये होईल. 70 चं कर्ज ठरलंच आहे, वरचे 12 कर्ज वाढवून घ्यायचे. आर्किटेक्टच्या हिशेबाने वर्षाचं ऊर्जेचं बिल 1.2 वरून 0.4 वर येईल. म्हणजे वर्षाला 0.8 वाचले आणि 15 वर्षांत पैसे वसूल झाले, असं तुमच्या यजमानांचं म्हणणं. तुम्हाला वाटतंय की साधं घर बांधावं आणि हे 12 गुंतवावेत.

दोघांच्याही हिशेबात एकेक अडचण आहे. तुमची आधी सांगतो, कारण ती लहान आहे. हे 12 तुमच्याकडे नाहीतच, ते बँकेचे आहेत. त्यामुळे तुलना म्युच्युअल फंडाच्या परताव्याशी नाही, न घेतलेल्या कर्जाशी करायची. तुमचा व्याजदर 8 टक्के आहे. कर्ज न वाढवणं म्हणजे कुठलीही जोखीम न घेता 8 टक्के मिळवणं. या घराला हरवायचा आहे तो हाच आकडा. घराच्या बाजूने एक गोष्ट आहे: वाचलेल्या बिलावर कर लागत नाही, आणि ऊर्जा महागली की बचतही आपोआप वाढते. म्हणून मी बचत दरवर्षी 4 टक्क्यांनी वाढेल असं धरलं आहे.

आता यजमानांचे 15 वर्षं. 12 ला 0.8 ने भागलं की 15 येतात, पण त्या भागाकारात व्याज कुठेच नाही. 12 चं कर्ज 8 टक्क्यांनी 20 वर्षांसाठी घेतलं, तर वर्षभराचे हप्ते मिळून 1.2 होतात. पहिल्या वर्षी बचत 0.8, खिशातून जाणार 1.2. बचत हप्त्याच्या वर जाते ती बाराव्या वर्षी. सगळी बचत 8 टक्क्यांनी आजच्या किमतीत आणली, म्हणजे पुढे मिळणाऱ्या पैशातून तोवरचं व्याज वजा करून तो आज किती भरतो ते काढलं, तर 20 वर्षांची भरते 10.6 आणि 30 वर्षांची 13.6. तुम्ही लिहिलंय की याच घरात म्हातारपण काढायचं आहे, म्हणून 30 वर्षं धरणं रास्त आहे. आठ-दहा वर्षांत घर विकायचा विचार असता, तर मी इथेच थांबा म्हणालो असतो. घर विकताना याचे जास्त पैसे मिळतील हे मी हिशेबात घेत नाही. मिळाले तर चांगलंच.

मग 13.6 हे 12 पेक्षा जास्त आहेत, तर अडलं कुठे? अडलं त्या 0.8 मध्ये. आर्किटेक्टने साध्या घराचं बिल 1.2 धरलं आहे. हा आकडा गणितातून येतो: सगळ्या खोल्या, सगळा वेळ, ठरलेल्या तापमानाला ठेवल्या तर किती ऊर्जा लागेल. माणसं तशी राहत नाहीत. बिल जास्त येतं म्हटल्यावर आपण एकच खोली थंड किंवा गरम करतो, बाकीच्यांची दारं लावून घेतो. केंब्रिजच्या दोन संशोधकांनी 2012 मध्ये जर्मनीतल्या सुमारे 3,400 घरांची माहिती तपासली, तेव्हा प्रत्यक्ष वापर गणितातल्या वापरापेक्षा सरासरी 30 टक्क्यांनी कमी निघाला. ऊर्जेच्या दृष्टीने घर जितकं वाईट, तितकी ही तफावत मोठी. म्हणजे जी ऊर्जा तुम्ही वापरणारच नव्हता, तिची बचतही कागदावर दाखवली जाते.

तुमच्या सध्याच्या भाड्याच्या घराचं बिल तुम्हीच दिलंय: याच प्रमाणात 0.7. नवं घर मोठं आहे, म्हणून साध्या बांधकामात ते 0.9 होईल असं मी धरतो. खरी बचत मग 0.5. तिची 30 वर्षांची आजची किंमत 8.5. बारा देऊन साडेआठ. अख्खं पॅकेज घ्यायचं का, असा प्रश्न असेल तर माझं उत्तर नाही.

पण पॅकेज अख्खंच घ्यावं असं कोणी सांगितलं? तक्त्याच्या दुसऱ्या पानावर 12 ची फोड आहे आणि खरी मेख तिथे आहे. घराची दिशा, खिडक्यांची जागा, बाहेरचे छज्जे अशा आराखड्यातल्या बदलांना 0.5. छत-भिंतींचं इन्सुलेशन (उष्णता अडवणारा थर), चांगल्या खिडक्या आणि हवाबंद बांधकामाला 6. उष्णता वाचवणाऱ्या वायुवीजन यंत्रणेला 1.5. सोलर पॅनेल आणि बॅटरीला 2.5. दिवे-पडदे-एसी मोबाइलवरून चालवणाऱ्या यंत्रणेला 1. घर कमी ऊर्जेचं असल्याच्या प्रमाणपत्राला 0.5.

यातल्या प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारा: आज नाही केलं, तर दहा वर्षांनी करता येईल का, आणि तेव्हा किती महाग पडेल? घराची दिशा दहा वर्षांनी बदलत नाही. भिंतीच्या आतला थर पुन्हा घालायचा तर प्लास्टर फोडा, चौकटी काढा, महिनाभर दुसरीकडे राहा. सोलर पॅनेल मात्र कुठल्याही दिवशी बसतात, आणि 2010 च्या दशकात त्यांच्या किमती सुमारे 90 टक्क्यांनी खाली आल्या. थांबणाऱ्याचं तिथे नुकसान होत नाही. कर्जाचा पैसा आधी जिथे पुन्हा संधी नाही तिथे घालावा.

कॅनडात रिजायना इथे 1977 मध्ये एक प्रायोगिक घर बांधलं गेलं, सस्कॅचवान कन्झर्व्हेशन हाउस. जाड इन्सुलेशन, जवळपास हवाबंद बांधकाम, जाणाऱ्या हवेतली उष्णता येणाऱ्या हवेला देणारं यंत्र, आणि छतावर महागडी सौर उष्णता यंत्रणा. ती सौर यंत्रणा पुढे काढून टाकावी लागली. भिंती आणि छत मात्र आपलं काम करत राहिले. पुढे याच धड्यांवर जर्मनीत डार्मस्टाट इथे 1991 मध्ये भौतिकशास्त्रज्ञ वोल्फगांग फाइस्ट यांचं पहिलं पॅसिव्ह हाउस उभं राहिलं. पॅसिव्ह हाउस हे आज अत्यंत कमी ऊर्जेवर चालणाऱ्या घरांचं एक मानक आहे. त्या मानकात घर गरम ठेवायला वर्षाला दर चौरस मीटर जास्तीत जास्त 15 युनिट, किंवा ऐन थंडीत दर चौरस मीटर 10 वॅट इतकीच मुभा आहे. तुमच्या 150 चौरस मीटर घराला हे लावलं, तर कडाक्याच्या थंडीत अख्ख्या घराला 1,500 वॅट पुरतात. खोलीत ठेवायचा एक साधा हीटर तेवढा असतो.

आणि इथे पैशाचा एक मुद्दा आहे जो तुमच्या तक्त्यात मला सापडला नाही. भार, म्हणजे घर गरम-थंड ठेवायला एका वेळी लागणारी ताकद, इतका कमी झाला तर गरम-थंड करण्याची मोठी यंत्रणा लागतच नाही, लहान पुरते. तिचे पैसे वजा व्हायला हवेत. तुमच्या 112 मध्ये चांगल्या भिंतीही आहेत आणि साध्या घराच्याच आकाराची यंत्रणाही आहे! आर्किटेक्टला खोलीवार भार काढून यंत्रणा लहान करायला सांगा. तक्त्यातल्या किमती पाहता निदान 1 सुटायला हरकत नाही. ते सुटत नसेल, तर भिंतींचा अर्धा फायदा तुम्ही सोडून देत आहात.

म्हणजे आराखडा, भिंती-खिडक्या आणि वायुवीजन मिळून 8, त्यातून 1 वजा, निव्वळ 7. यातून 0.5 पैकी 0.35 ची बचत येते, वायुवीजनाच्या पंख्याची वीज आणि फिल्टरचा खर्च वजा करून. 30 वर्षांची आजची किंमत 5.9. अजूनही 1.1 कमीच पडतात, हे मी लपवत नाही. हे 1.1 म्हणजे सुखाची किंमत: सगळ्या खोल्या वापरता येतात, भिंतीजवळ झोपलं तरी गार लागत नाही, रस्त्याचा आवाज आत येत नाही, वीज गेली तरी घर लगेच तापत किंवा गारठत नाही. मला विचाराल तर हा सौदा चांगला आहे. पण त्याला गुंतवणूक म्हणू नका, खर्च म्हणा, आणि परवडतो का तेवढं बघा.

परवडण्याचं बोलायचं तर, 7 च्या कर्जाचे हप्ते वर्षाला 0.7 आणि बचत 0.35. बचत हप्त्याला गाठेपर्यंत अठरा वर्षं जातात. तोवर फरक पगारातून. तुमच्या पत्रातली पगाराची आणि हप्त्याची ओढाताण पाहता मला हे जड वाटतं, म्हणून एक अप्रिय सूचना करतो: पाहुण्यांची खोली काढा. ती 18 चौरस मीटरची आहे, स्वतंत्र बाथरूमसकट, आणि वर्षातले किती दिवस भरलेली असेल ते तुम्हीच मोजा. तुमच्या तक्त्यातल्या दरांनी ती काढल्यावर सुमारे 6 वाचतात. पाया, जिना, स्वयंपाकघर तेच राहतं, म्हणून क्षेत्रफळाच्या प्रमाणात पूर्ण नाही वाचत. तरी 100 आणि वरचे 7 मिळून झालेल्या 107 चे 101 झाले. शिवाय जी खोली नाही तिला इन्सुलेशन लागत नाही, थंड करावी लागत नाही, रंगवावी लागत नाही. ऊर्जा वाचवणाऱ्या घरांच्या चर्चेत काचा आणि यंत्रांवर तासन्‌तास बोललं जातं, आकारावर फार कमी. खोल्या कमी करून कुणाला काही विकता येत नाही, हे त्याचं एक कारण असावं.

भिंती-खिडक्यांच्या 6 मधल्या तपशिलाबद्दल दोन गोष्टी आर्किटेक्टशी बोला. इन्सुलेशनचा थर 10 सेंटिमीटरवरून 20 केला, तर त्यातून जाणारी उष्णता निम्मी होते. 20 वरून 30 केला, तर मूळच्या फक्त सहाव्या हिश्शाने आणखी कमी होते. पहिल्या थरांचे पैसे डोळे झाकून द्या, शेवटच्या थराचे हिशेब मागून. काचेचंही तसंच. तिहेरी काच कडक थंडीच्या जागी पैसे फेडते. जिथे त्रास उन्हाचा आहे, तिथे पश्चिमेची खिडकी लहान करणं आणि ऊन काचेवर पडण्याआधी बाहेरच अडवणं स्वस्तही पडतं आणि कामही जास्त करतं. आतल्या पडद्याने ऊन अडत नाही, ते आधीच घरात आलेलं असतं. तुमच्या जागेचं हवामान घालून, दुहेरी आणि तिहेरी अशा दोन्ही काचांसाठी वर्षाची वेगवेगळी युनिट मागून घ्या. घर हवाबंद केलं तर वायुवीजनाचे 1.5 कापू नका. ताजी हवा आणि दमटपणा दोन्ही त्याच यंत्रणेच्या हाती असतात, आणि तिथली कंजुषी भिंतीवर बुरशी होऊन दिसते.

सोलर पॅनेल एकटे घेतले तर 1.2 ला 0.12 वाचतात, दहा वर्षांत फिटतात. वाईट नाही. पण पहिली दोन वर्षं घराचा खरा वापर बघा, मग बोनसमधून घ्या, कर्जातून नको. आज फक्त छताची योग्य बाजू मोकळी ठेवा आणि वायरसाठी रिकामी नळी टाकून ठेवा. बॅटरीला 1.3 आणि बचत 0.03, म्हणजे चाळीसहून जास्त वर्षं. बॅटरी तेवढी जगत नाही. वीज वारंवार जात असेल तर गोष्ट वेगळी, पण तसं तुम्ही काही लिहिलेलं नाही. मोबाइलवरच्या यंत्रणेचे 1 सरळ काढून टाका. प्रमाणपत्राचे 0.5 बँकेवर अवलंबून आहेत. काही बँका अशा घरांना व्याजात सवलत देतात. तुमच्या 70 च्या कर्जावर पाव टक्का कमी झाला, तर पहिल्याच वर्षी जवळपास 0.17 वाचतात आणि प्रमाणपत्र तीन वर्षांत फिटतं. सवलत लेखी मिळत नसेल, तर नको.

राहिली जोखीम. हे सगळे आकडे काम नीट झालं तरच खरे. भिंतीतली फट प्लास्टरखाली गेली की कुणाला दिसत नाही, बिलात दिसते. त्यासाठी ब्लोअर डोअर चाचणी असते: दारात पंखा बसवून 50 पास्कल (पास्कल हे दाबाचं एकक) इतक्या दाबाच्या फरकाला घरातून किती हवा गळते ते मोजतात. पॅसिव्ह हाउसची मर्यादा तासाला 0.6 हवाबदल आहे, म्हणजे तासाभरात घरातल्या एकूण हवेच्या 0.6 पटीहून जास्त हवा गळता कामा नये. तुम्ही ठरवाल तो आकडा करारात लिहा, आणि चाचणी दोनदा ठेवा. पहिली आतली सजावट चढण्याआधी, जेव्हा फट बुजवणं सोपं असतं, आणि दुसरी काम संपल्यावर. कंत्राटदाराचा शेवटचा हप्ता दुसऱ्या चाचणीला बांधा. तो कुरकुर करेल. चाचणी म्हणजे काय हेच त्याला माहीत नसेल, तर 101 चं घर त्याच्याकडून बांधून घेऊ नका, कारण पैसे 101 चे जातील आणि बिल साध्या घराचं येईल.

यजमानांनी शेवटी विचारलंय की मुलीच्या शिक्षणाचा निधी तात्पुरता इकडे वळवून कर्ज टाळावं का. नाही. भिंतीत गेलेला पैसा परत येतो, पण महिन्याला थोडा थोडा, आणि तीस वर्षांत. कॉलेजची फी सात वर्षांनी एकरकमी लागणार आहे. सहा महिन्यांचा आपत्कालीन निधीही बांधकाम संपेपर्यंत अजिबात हलवू नका. घराच्या कामात अंदाज चुकतो तो नेमका शेवटच्या टप्प्यात.

नवा तक्ता आला की पाठवा. त्यात दोन आकडे आधी बघेन: यंत्रणेचा आकार आणि पाहुण्यांची खोली.