पहिल्यांदा माइकसमोर बसताना
अरे, हरल्यावर पत्रकारांसमोर जायचं असेल तर आधी पाणी पी, प्रश्न पूर्ण ऐक, मगच तोंड उघड. नोव्हेंबर २०२४ मध्ये वानखेडेवर तिसरी टेस्ट जिंकून न्यूझीलंडने आपल्याला ३-० असा व्हाइटवॉश दिला. त्यानंतर रोहित शर्मा आला आणि बॅटिंग, कॅप्टन्सी दोन्हींत मी कमी पडलो, असं त्याने सरळ सांगितलं. मला ते फार मोठं वाटतं. चूक आपणच कबूल केली की खोदून विचारण्यासारखं फारसं उरत नाही. सहकाऱ्याबद्दल खोचक प्रश्न आला तर 'ते ड्रेसिंग रूममध्ये बोलू' एवढंच म्हण. अंपायरबद्दल चकार शब्द नको, मॅच फी कापली जाऊ शकते. आणि आतून खचला असशील, तर आत जाण्याआधी मॅनेजरला स्पष्ट सांग.