भुयारी मेट्रो, बंद बोअर आणि भिंतीवरचे तडे

प्रश्न : स्वारगेट–कात्रज मेट्रो आमच्या सोसायटीजवळून जाणार आहे. इमारत जुनी, तीन मजली. आवारात बंद पडलेली बोअर आहे. तडे जातील का? आधी काय करून ठेवावे?

उत्तर : ऑगस्ट 2024 मध्ये केंद्राने मंजूर केलेला हा 5.46 किलोमीटरचा टप्पा पूर्ण भुयारी आहे. टीबीएम (बोगदा खोदणारे यंत्र) अखंड बेसॉल्टमधून, म्हणजे काळ्या कातळातून गेले तर वर सहसा काही जाणवत नाही. कातळ आणि मुरूम एकाच वेळी समोर आले की मात्र मऊ बाजूची माती जास्त उपसली जाते आणि वरची जमीन खचते. जमीन खचण्याचे दुसरे कारण रिंगभोवतीच्या फटीचे. भोक साधारण 6.6 मीटरचे, त्यात बसणाऱ्या काँक्रीटच्या रिंगचा बाहेरचा व्यास 6.35. म्हणजे 1.4 मीटर रुंदीच्या एका रिंगमागे सुमारे साडेतीन घनमीटर पोकळी. ती लागलीच ग्राउटने (सिमेंटच्या पातळ मिश्रणाने) भरावी लागते.

बोअर अजिबात लपवू नका. परवानगी नव्हती म्हणून लोक गप्प बसतात आणि नेमके तेच अंगाशी येते. बोअर बोगद्याच्या वाटेत असेल तर यंत्राने माती मऊ करायला सोडलेला दाबाखालचा फेस किंवा ग्राउट तिच्यातून थेट आवारात उसळतो. बोअरमधला लोखंडी पाइप, म्हणजे केसिंग, कटरहेडमध्ये (यंत्राच्या तोंडाशी फिरणाऱ्या कातत्या चाकात) गुंतले तर यंत्रच थांबते. जागा, खोली, केसिंग कुठवर आहे, पंप आत राहिलाय का, हे महामेट्रोला (मेट्रो बांधणाऱ्या कंपनीला) लेखी कळवा आणि पोच घ्या. बुजवायची तर पंप काढून, पाइप तळापर्यंत सोडून सिमेंट ग्राउट खालून वर भरा. वरून माती ढकलली की ती मध्येच अडकते, खाली पोकळी तशीच.

कामाआधी इमारतीची पाहणी होते, तेव्हा कुलूपबंद फ्लॅटही उघडून घ्या. नोंद नसलेला जुना तडा पुढे वादाचा होतो. अहवालाची प्रत मागा. तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने आडवी रेघ मारून तारीख लिहा, स्टीलची पट्टी शेजारी धरून फोटो काढा. प्लास्टरवरच्या केसाएवढ्या रेघांनी घाबरू नका, त्या उन्हापावसानेही पडतात. तिरका तडा विटांतून आरपार गेला किंवा दारे चौकटीत अडकू लागली, तर त्याच दिवशी कळवा.

प्रश्न : बोगदा भराभर पुढे सरकतो, मग स्टेशनलाच इतकी वर्षे का?

उत्तर : स्टेशनच्या खोदाईआधी जलवाहिन्या, ड्रेनेज, विजेच्या केबल हलवायच्या असतात आणि जुने नकाशे बहुधा चुकीचे निघतात. त्यात कातळ फोडताना घरांजवळ सुरुंगाचे स्फोट लहान ठेवावे लागतात, कुठे तर नुसत्या ब्रेकरवर काम चालते.