पहिली फेरी गप्प माणसांकडे

चि. भाऊस,
अनेक आशीर्वाद.

रावेरहून गेलेल्या केळीच्या गाड्यांचे पैसे दिल्लीत अडकले आणि तुझा धंदा बसला, हे कळलं. फोन बंद करून सुरतला मामाकडे निघून जायचं तुझ्या मनात आहे. जाऊ नकोस. तू गेलास की तगादा वडिलांच्या ओट्यावर येईल, आणि तुझ्या वतीने बोलायला त्यांच्याकडे काहीच नसेल.

आधी वही घे. कापणीच्या मजुरांपासून पतपेढीपर्यंत सगळ्यांचं देणं लिहून काढ. मजुरांचं लगेच चुकतं कर, रक्कम लहान आहे. पतपेढीकडे तारण आहे, मोठ्या व्यापाऱ्याकडे वकील आहे. ज्या शेतकऱ्यांनी नुसत्या शब्दावर माल काढून दिला आणि अजून दारात आले नाहीत, त्यांच्याकडे पहिली फेरी कर.

माझा कपाशीचा धंदा बुडाला तेव्हा मी उलट केलं. जो ओरडला त्याला आधी दिलं. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला म्हणालो, "आखाजीला देतो." आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तो आला. त्याला सालदाराचा, म्हणजे सालाने ठेवलेल्या गड्याचा, वर्षाचा हिशोब चुकता करायचा होता, आणि माझा हात रिकामा. पाणी प्यायला आणि काही न बोलता गेला. पुढच्या हंगामात त्याची पै न् पै दिली, पण त्या संध्याकाळी सालदारासमोर तो काय बोलला असेल, हे अजून मनातून जात नाही. म्हणून सणाची तारीख देऊ नकोस. महिन्याला दोन हजार जमणार असतील तर दोन हजारच सांग, आणि दर वेळी पावती घे.

पुढच्या तारखेचे चेकही वाटत सुटू नकोस. चेक वटला नाही, नोटीस आली आणि 15 दिवसांत पैसे भरले नाहीत, तर चेकच्या कायद्याच्या (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट) कलम 138 खाली खटला होतो.

कुणीतरी तुला सांगेल, "सही कशावरच करू नकोस, 3 वर्षं काढ, दावा मुदतबाह्य होईल." 1963 च्या मुदत कायद्यात तशी वाट आहे, खरं. पण त्याच कायद्यात हेही आहे की मुदत संपण्याआधी सहीनिशी देणं कबूल केलं, तर त्या दिवसापासून मुदत नव्याने मोजतात. तू ती कबुली स्वतः लिहून घेऊन जा. दोघांच्या वह्या ताडून रक्कम, तारीख, सही. भाऊ, ज्याने कागद न करता माल दिला त्याच्या हातात तू होऊन कागद ठेवलास, की तो तुझ्याकडे पुन्हा माणूस म्हणून बघेल. मी हे केलं नाही. तू कर.

विनापरवाना सावकाराला मात्र कोऱ्या कागदावर सही देऊ नकोस. त्याची तक्रार सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे करता येते.

रविवारी पहिल्या बसने मी येतो. पहिल्या दोन घरी तुझ्यासोबत बसेन. बोलायचं तू.

तुझा,
आप्पा