आकडा शेवटी लिही

सांगली

चि. मुली, अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र परवा मिळाले. तासगाव तालुक्यातल्या तुझ्या शाळेत दहावीची एक मुलगी तास संपल्यावर टेबलाशी आली, ‘बाई, माझी पाळी ३५ दिवसांनी येते, मग मी या चक्रात कुठे बसते?’ असे तिने विचारले आणि तुला उत्तर देता आले नाही. तू फळ्यावर काय काढले असशील ते मला ठाऊक आहे: १ ते २८ आडवी रेघ, १४ वर उभी खूण आणि चार संप्रेरकांच्या (हार्मोन्सच्या) चार रंगांच्या चार रेषा. तुमच्या वर्गाला मीच तसे शिकवले. ते चुकले होते. आकडा शेवटी लिहायचा असतो. आधी कोणी कोणाला निरोप धाडला, ते लिहायचे.

निरोप मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसमधून निघतो. जीएनआरएच हे संप्रेरक तो सलग सोडत नाही. चक्राच्या पहिल्या भागात साधारण ६० ते ९० मिनिटांनी एकेक ठोका देतो. हेच संप्रेरक सतत दिले तर त्याच्याच खाली असलेली पीयूषिका ग्रंथी उत्तर देणे थांबवते आणि ठोक्याठोक्याने दिले तर पुन्हा बोलू लागते, हे शास्त्रज्ञ अर्न्स्ट नोबिल यांच्या गटाने १९७८ साली ऱ्हीसस माकडांवर दाखवून दिले. उत्तरादाखल पीयूषिका एफएसएच आणि एलएच ही दोन संप्रेरके सोडते, एफएसएचमुळे अंडाशयातली पुटिका, म्हणजे अंडे असलेली पिशवी, वाढते, आणि वाढती पुटिका इस्ट्रोजेन हे संप्रेरक तयार करून ‘आता एफएसएच पुरे’ असे पीयूषिकेला कळवते. गच्चीवरच्या टाकीत पाणी चढले की बॉल उचलला जाऊन नळ बंद होतो, तसेच हे. एवढे मुलींना लगेच समजते, म्हणून बहुतेक शिक्षक इथेच थांबतात. तू थांबू नकोस. इस्ट्रोजेनची उंच पातळी सुमारे दोन दिवस टिकली की इतका वेळ अडवणारे तेच इस्ट्रोजेन पीयूषिकेला उलट चेतवू लागते, एलएचचा लोंढा येतो आणि तो सुरू झाल्यापासून साधारण ३६ तासांत अंडे बाहेर पडते. इथपर्यंत १४ हा आकडा कुठे लागला का? पुटिका पिकेल तेव्हा निरोप जाईल; कोणाची लवकर पिकते, कोणाची उशिरा.

पुढचा भाग मात्र बराचसा ठरलेला असतो. फुटलेल्या पुटिकेचा पीतपिंड, म्हणजे पिवळट गोळा, होतो, तो प्रोजेस्टेरॉन हे चौथे संप्रेरक देऊन गर्भाशयाचे अस्तर सांभाळतो आणि गर्भ रुजला नाही तर सुमारे १४ दिवसांत मावळतो. प्रोजेस्टेरॉन घसरताच अस्तराच्या सर्पिल धमन्या आवळल्या जातात आणि पाळी येते. म्हणून जपानचे डॉक्टर क्युसाकु ओगिनो यांनी १९२४ साली मांडल्याप्रमाणे अंडे सुटण्याचा दिवस मोजायचा तो पुढच्या पाळीपासून मागे. तुझ्या त्या मुलीचे ३५ मधून १४ गेले, २१ राहिले: तिचे अंडे साधारण २१ व्या दिवशी सुटते.

‘पोर्शन संपवायचा आहे, एवढा वेळ कुठला,’ असे तू लिहिलेस. ही सबब मला सांगू नकोस. तुमच्यानंतरच्या वर्षी मी एका विद्यार्थिनीच्या घरी गेले होते. दारामागच्या कॅलेंडरवर २८ व्या दिवसानंतरच्या प्रत्येक चौकटीत शिसपेन्सिलचा ठिपका होता आणि शेवटचे ठिपके इतके दाबून दिलेले होते की कागदाला भोक पडले होते. मला काही तरी रोग झाला आहे, असे ती सहा महिने मनात धरून होती, आणि पाळी लवकर यावी म्हणून आई तिला रोज पपई व तीळ देत होती. तो २८ माझ्या फळ्यावरून तिच्या घरात गेला होता. त्यानंतर निवृत्तीपर्यंत मी या पाठाला सहा तास दिले. मुख्याध्यापकांनी बोलावून जाब विचारला, इतर पाठ घाईत उरकावे लागले, आणि त्या वर्षांत विज्ञानाचे गुण थोडे उतरलेही असतील. तरी ते सहा तास वाया गेले असे मी आजही मानणार नाही, आणि तुझ्याही मुख्याध्यापकांना माझे हेच म्हणणे सांग.

पाळी सुरू झाल्यावर पहिली काही वर्षे इस्ट्रोजेनचा तो उलटा निरोप पक्का बसलेला नसतो, अंडे न सुटताही पाळी येते, म्हणून त्या वयात २१ ते ४५ दिवसांचे अंतर असणे नेहमीचे आहे, हे तिला सांगितलेच पाहिजेस. तिचे २१ हे गणितही त्यामुळे अंदाजाचेच. मात्र पंधरावे सरेपर्यंत पाळी न येणे, ९० दिवसांहून अधिक खंड पडणे किंवा रक्तस्राव सात दिवसांपुढे चालणे, यांपैकी काही असेल तर मुलीच्या आईला बोलावून डॉक्टरांकडे पाठव.

सोमवारी फळ्यावर चारही रेषा काढ आणि खालची रेघ कोरी ठेव. त्या मुलीला एकटीला उभे करू नकोस. सगळ्यांना आपापल्या वहीत रेघ मारू दे, आकडे आपापले लिहू दे. तिची वही तू नंतर पाहा आणि ती काय म्हणाली ते मला कळव.

तुझी बाई